तीनशे फुटांची ओढ

'ओढणे' हे आपल्या भाषेतील मोठे सोशिक क्रियापद आहे. बैल नांगर ओढतो, हमाल हातगाडी ओढतो, घरातला कर्ता संसाराचा गाडा ओढतो आणि आम्ही प्राध्यापक मंडळी घंटा होईपर्यंत तास ओढतो. या साऱ्या ओढण्यांत एक गोष्ट समान असते. ओढणाऱ्याला ओढण्याची हौस नसते. ओढल्यावाचून सुटका नसते म्हणून तो बिचारा ओढत असतो. पण अमेरिकेच्या मध्यभागी, ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिसूरी अशा मक्या-सोयाबीनच्या मुलखात, अशी शेकडो माणसे आहेत की जी पदरचे पैसे मोडून, हिवाळाभर रात्रीचा दिवस करून, केवळ तीनशे फूट अंतर एक अवजड गाडा ओढण्यासाठी जीव टाकतात. त्यांच्या ओढण्याच्या ट्रकांची जी वरची श्रेणी आहे, तिच्यातील इंजिनांची ताकद दोन हजार अश्वशक्तीच्याही पुढे गेली आहे.

दोन हजार अश्वशक्ती म्हणजे किती, याची कल्पना यावी म्हणून आपल्याच घरचे उदाहरण घेऊ. १९६२ पासून आपल्या रेल्वेवर 'डब्ल्यूडीएम-२' नावाची डिझेल इंजिने आली आणि पुढे कित्येक वर्षे त्यांनी देशभर मेल-एक्सप्रेस गाड्या ओढल्या. त्या इंजिनाची ताकद होती २,६०० अश्वशक्ती. त्यात सोळा सिलिंडर होते, त्या सर्वांची पोकळी मिळून सुमारे १७५ लिटर भरत असे आणि पूर्ण भरात असताना इंजिनाचा क्रँक मिनिटाला एक हजार फेरे घेई. ओढण्याच्या शर्यतीतील ज्या डिझेल ट्रकांबद्दल मी सांगतो आहे, त्यांच्या इंजिनात सिलिंडर असतात सहा आणि पोकळी असते सहा लिटरांच्या आसपास. म्हणजे घरातल्या पाण्याच्या लहानशा कळशीएवढी. त्या कळशीतून आगगाडीच्या इंजिनाच्या जवळपास जाणारी ताकद निघते. ती दहा-बारा सेकंदच टिकते, हे खरे. पण निघते.

ती कशी निघते, हे समजून घ्यावे असे मला वाटू लागले त्याला कारण माझा भाचा. तो इंडियानातील कोलंबस नावाच्या गावी इंजिनियर आहे. कोलंबस हे 'कमिन्स' या डिझेल इंजिनांच्या कारखान्याचे माहेर. पुणेकरांना हे नाव परके नाही. किर्लोस्करांच्या भागीदारीत १९६२ साली या कंपनीने कोथरुडात कारखाना काढला, तेव्हापासून पुण्याच्या कितीतरी घरांत 'आमचा मुलगा कमिन्समध्ये आहे' हे वाक्य मुलाच्या लग्नाच्या बोलण्यात वजनाने उच्चारले गेले आहे. तेव्हा कोलंबसच्या रस्त्यावर मराठी कानी पडली तर नवल वाटू नये. उन्हाळ्यात तिकडे गेलो असता भाच्याने म्युझियमे वगैरे दाखवून झाल्यावर एका संध्याकाळी मला जवळच्या कौंटीच्या जत्रेला नेले. जत्रेबद्दल पुढे सांगतो. आधी त्या खेळाची कुळकथा सांगितली पाहिजे.

ही कथा घोड्यांपासून सुरू होते. ट्रॅक्टर येण्यापूर्वी अमेरिकन शेतकरी घोड्यांनी शेती करीत, आणि ज्याच्या त्याच्या मते त्याची जोडी गावात सर्वांत जोरकस असे. शेतकऱ्याचा हा अभिमान आपल्याला समजावून सांगायला नको. मग एखाद्या रविवारी दगड लादलेली घसरफळी जोडीला जुंपायची आणि कोण किती लांब ओढतो ते पाहायचे. पुढे घोडे गेले, ट्रॅक्टर आले, पण अभिमान होता तिथेच राहिला. १९२९ साली मिसूरी राज्यातील बोलिंग ग्रीन आणि ओहायोतील वॉनसव्हिल या गावी यंत्राच्या ओढीच्या पहिल्या शर्यती झाल्याची नोंद आहे. सुरुवातीला मेलेले वजन ओढायचे, एवढाच प्रकार होता. मग एक गमतीची युक्ती निघाली. वाटेवर ठरावीक अंतरांवर माणसे उभी करायची आणि फळी जवळून जाऊ लागली की एकेकाने तिच्यावर पाय टाकून चढायचे. ट्रॅक्टर जसजसा पुढे जाई तसतसे ओझे वाढत जाई. संसाराच्या गाड्याचे इतके हुबेहूब रूपक आमच्या एकाही कवीला सुचलेले नाही! परंतु यंत्रांचा वेग वाढत गेला तसे धावत्या फळीवर उडी टाकणे जिवावर बेतू लागले. १९६९ साली आठ राज्यांतील मंडळींनी एकत्र येऊन 'नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन' ही संस्था स्थापली आणि गावागणिक निराळे असलेले नियम एकसारखे केले. माणसांच्या जागी यंत्र आले.

हे यंत्र म्हणजे 'स्लेड'. त्याची रचना इतकी साधी आणि इतकी दुष्ट आहे की तिचे कौतुक केल्याशिवाय राहवत नाही. लांबलचक ट्रेलरसारखा एक सांगाडा असतो. मागे चाके, पुढे जमिनीवर टेकणारा सपाट पोलादी तवा. सांगाड्यावर वजनाची एक भली मोठी पेटी असते आणि आरंभी ती मागे, बरोबर चाकांवर उभी असते, त्यामुळे गाडा सुटताना हलका वाटतो. पण गाड्याची चाके फिरू लागली की त्याच चाकांना जोडलेल्या साखळ्या पेटीला चढणीवरून पुढे पुढे खेचू लागतात. चाकांवरचा भार तव्यावर येतो, तवा मातीत रुततो आणि घर्षण फुटाफुटाला वाढत जाते. म्हणजे ओढणारा आपल्याच जोराने आपल्या मानेवरचे ओझे वाढवीत असतो. शेवटी गाडा ट्रकला नांगर टाकल्यासारखा जागच्या जागी थांबवतो. ज्याचा गाडा तीनशे फुटांची खूण ओलांडून जातो त्याने 'फुल पुल' केले, असे म्हणतात. असे दोघे-तिघे निघाले तर वजन वाढवून त्यांची पुन्हा जुंपायची. पहिल्या स्पर्धकाला एक सवलत असते. वजन बरोबर लागले आहे की नाही हे त्याच्यावरूनच ठरवायचे असल्यामुळे, पहिली ओढ नापसंत पडली तर ती सोडून देऊन त्याला मागाहून पुन्हा येता येते.

या खेळात पुढे पिकअप ट्रक आले आणि गेल्या शतकाच्या अखेरीपासून डिझेल पिकअप ट्रकांच्या स्वतंत्र श्रेण्या पडल्या. त्यांचे मूळ १९८९ सालात आहे. त्या वर्षी 'डॉज' कंपनीने आपल्या पिकअप ट्रकमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे, एका ओळीत सहा सिलिंडरांचे इंजिन बसवले. हे इंजिन मुळी कष्टाच्या कामांसाठी जन्मलेले. साऱ्या अंगाने ओबडधोबड, जड, पण लाखो मैल न कुरकुरता चालणारे. याच घराण्याची इंजिने टाटा आणि कमिन्स यांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात तयार होऊन आपल्याकडील मालट्रकांत बसली. आता त्यांचा कारखाना फलटणलाही आहे. खंबाटकीच्या घाटात आपल्या मोटारीपुढे ऊस किंवा सिमेंट घेऊन रेंगाळणाऱ्या ज्या ट्रकाला आपण मनातल्या मनात नावे ठेवतो, त्याच्या बॉनेटखाली कदाचित या शर्यतवीराचाच सख्खा चुलतभाऊ घाम गाळीत असेल.

१९८९ च्या त्या इंजिनाची ताकद होती १६० अश्वशक्ती, मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांना. तीस वर्षांनी, २०१९ साली, त्याच मालिकेतील थोड्या थोरल्या ६.७ लिटरच्या इंजिनाने ४०० अश्वशक्ती गाठली. पण फेरे किती? अवघे अठ्ठावीसशे. कारखानदाराने तीस वर्षांत ताकद अडीचपट केली आणि फेरे मात्र जेमतेम तीनशेंनी वाढू दिले. ओढीच्या शर्यतीतील मंडळी हीच मर्यादा मोडून पाच हजारांच्या पुढे गेली. कारखान्यातील शहाणी माणसे ज्या दाराला हात लावीत नाहीत ते दार या शेतकऱ्यांनी कशासाठी उघडले, हीच यातील खरी मेख आहे.

ती समजायची तर थोडे गणित केले पाहिजे. वाचकांनी घाबरू नये. मराठीच्या प्राध्यापकाला जेवढे झेपते तेवढेच आहे. इंजिनाच्या क्रँकला जो पीळ बसतो त्याला यंत्रशास्त्रात टॉर्क म्हणतात आणि तो फूट-पौंडांत मोजतात. हा पीळ म्हणजे एका घावातला जोर. ताकद, म्हणजे अश्वशक्ती, ही निराळी चीज. एका घावात किती जोर आणि मिनिटात असे किती घाव, या दोहोंचा तो गुणाकार. जेम्स वॅटने आपली वाफेची इंजिने खपवण्यासाठी, एक घोडा मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम करतो, असा हिशेब बसवला. म्हणजे ३३० पौंडांचे ओझे मिनिटात शंभर फूट उचलावे. तो घोडा मेला, पण मोजमाप उरले. त्या हिशेबाने दोन हजार अश्वशक्ती हवी असेल आणि इंजिन अडीच हजार फेऱ्यांवरच चालवायचे असेल, तर पीळ लागेल ४,२०० फूट-पौंड. १९८९ च्या मूळ इंजिनाचा पीळ होता ४००. म्हणजे प्रत्येक घाव साडेदहापट मोठा! एवढा दाब कोणतेही हेड, कोणतेही गॅस्केट सहन करणार नाही. पण फेरे पाच हजार केले तर तेवढ्याच ताकदीला २,१०० फूट-पौंड पुरतात. घाव निम्मे, संख्या दुप्पट. लोहार घण वापरतो आणि कासार हलक्या हातोडीने टक-टक ठोकीत जातो, तसा हा फरक.

फेरे वाढवण्याचा आणखी एक लाभ आहे. शर्यतीची जमीन चिकणमातीची, पाणी मारून दाबून केलेली. त्या मातीत टायर घट्ट धरून हळूहळू चालत नाहीत. ते मातीला ओरबाडून मागे फेकीत पुढे जातात. तेव्हा चाकाला वेग हवा. शिवाय गाड्याला आरंभी जेवढी गती मिळेल तेवढी शेवटच्या पन्नास फुटांत उपयोगी पडते. इंजिनाचे फेरे दुप्पट झाले, की चाकाचा वेग तोच ठेवून गिअर दुप्पट खालचा लावता येतो आणि चाकावरची ओढ तेवढ्याने वाढते. साऱ्या तीनशे फुटांत गिअर बदलायला सवड नसते. एकच गिअर, पाय पूर्ण दाबलेला, आणि मग जे होईल ते.

एवढे जर साधे आहे तर डिझेल इंजिने पहिल्यापासूनच वेगाने का फिरवीत नाहीत, असे आपण विचाराल. रूडोल्फ डिझेलच्या ज्या इंजिनाची १८९७ साली आउग्सबुर्ग येथे चाचणी झाली, ते पुरुषभर उंचीच्याही वर गेलेले धूड मिनिटाला १५४ फेरे घेत सुमारे १८ अश्वशक्ती देत होते. आमच्या लहानपणी गावच्या पिठाच्या गिरणीचे इंजिन असेच होते. त्याचा एकेक ठोका निराळा ऐकू येई आणि ठोका चुकला तर दळणाला आलेल्या बायकासुद्धा मान वर करून पाहत. हा संथपणा डिझेलच्या रक्तात आहे. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधन आधीच मिसळून येतात आणि ठिणगी पडली की पेटतात. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. नुसती हवा सतरा-अठरा पटींनी दाबून लालबुंद तापवायची आणि ऐन वेळी तिच्यात इंधनाची फवारणी करायची. त्या थेंबांची वाफ व्हायची, ती हवेत मिसळायची, मग पेटायची. स्वयंपाक ताटात वाढून झाल्यावर शिजवण्यासारखेच आहे हे! अडीच हजार फेऱ्यांना या कामासाठी क्रँकच्या तीस अंशांत सेकंदाचा पाचशेवा भाग मिळतो. पाच हजार फेऱ्यांना मिळतो हजारावा भाग. तेवढ्यात कितीतरी पट अधिक इंधन आत गेले पाहिजे आणि जळलेही पाहिजे. म्हणून १९९४ ते १९९८ या काळातील डॉज ट्रकांवर बसणारा बॉशचा तो सहा दट्ट्यांचा दणकट फ्युएल पंप या लोकांना देवाच्या मूर्तीसारखा प्रिय. त्याच्या गव्हर्नरच्या स्प्रिंगा बदलायच्या, म्हणजे पहिला लगाम सुटला. मग व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलायच्या, कारण वेग वाढला की जुन्या स्प्रिंगा व्हॉल्व्ह वेळेवर मिटू शकत नाहीत. आणि मग खरा प्रश्न उभा राहतो तो पिस्टनचा.

या इंजिनाचा पिस्टन एका दिशेला १२० मिलिमीटर जातो आणि तेवढाच परत येतो. पाच हजार फेऱ्यांना तो सेकंदाला त्र्याऐंशी वेळा वर जाऊन थांबतो, उलट फिरतो आणि खाली धावतो. त्याचा सरासरी वेग सेकंदाला वीस मीटर होतो. आता गंमत पाहा. २००७ साली फॉर्म्युला वन शर्यतीच्या मोटारींना मिनिटाला एकोणीस हजार फेऱ्यांची मर्यादा घातली गेली. त्या चिमुकल्या पिस्टनांचा प्रवास अवघा चाळीस मिलिमीटरांचा, आणि त्यांचा सरासरी वेग येतो सेकंदाला पंचवीस मीटर. म्हणजे मालट्रकाचे हे लोखंडी इंजिन साडेपाच हजारांच्या आसपास गेले, की पिस्टनच्या वेगात ते जगातील सर्वांत नाजूक, सर्वांत महागड्या शर्यती इंजिनांच्या पंक्तीला जवळजवळ जाऊन बसते. फेऱ्यांचे आकडे फसवे असतात ते असे.

वेग दुप्पट झाला की ताण दुप्पट होत नाही, चौपट होतो. एक किलो वजनाचा पिस्टन धरा. अडीच हजार फेऱ्यांना वरच्या टोकाला तो कनेक्टिंग रॉडला साडेपाचशे किलो वजनाने हिसका देतो. पाच हजारांना हाच हिसका होतो बावीसशे किलोंचा. जळणाच्या वेळी वरून वायूचा दाब असतो, तो हा हिसका थोपवून धरतो. पण जळून गेलेला धूर बाहेर टाकण्याच्या फेऱ्यात वर काहीच नसते. सारी ओढ त्या रॉडवर आणि त्याच्या दोन बोल्टांवर येते. रॉड दाबाने वाकण्यापेक्षा ओढीने तुटण्याची भीती तिथे असते. म्हणून ही मंडळी मूळचे रॉड, पिस्टन काढून टाकून खास घडवलेले बसवतात, सिलिंडरांच्या भोवतीची पाण्याची पोकळी सिमेंटासारख्या मसाल्याने भरून टाकतात आणि वरच्या श्रेणीत तर अख्खा ब्लॉकच धातूच्या सलग ठोकळ्यातून कोरून काढतात. थंड ठेवणारे पाणीच काढून टाकल्यावर इंजिन तापणार नाही का? तापेल. पण तापण्यापूर्वी तीनशे फूट संपलेले असतात.

इंधन कोंबता येते. हवा कोंबणे कठीण. त्यासाठी टर्बो. बाहेर पडणाऱ्या तप्त धुराने एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र ताजी हवा दाबून आत ढकलते, आणि ही जोडी मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेते. ओढीच्या ट्रकांच्या श्रेण्या पडल्या आहेत त्या मुख्यतः या टर्बोवरूनच. खालच्या श्रेणींत हवेचे तोंड किती इंचांचे असावे यावर बंधन आहे. एकाने घेतली तेवढीच हवा दुसऱ्यानेही घ्यायची, मग पाहू कोण हुशार. वरच्या श्रेणीत तीन-तीन टर्बो साखळीने लावतात. पहिल्याने दाबलेली हवा दुसऱ्याने आणखी दाबायची. शंभर पौंडांच्या वर दाब जातो. एवढी दाबलेली हवा अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापते, म्हणून कुठे बर्फाच्या पाण्याच्या टाकीतून तिला फिरवतात, कुठे तिच्यात पाण्याचे तुषार सोडतात. तापल्याने होणारी घट वजा करून मी कागदावर हिशेब मांडला. पाच हजार फेऱ्यांना हे इंजिन मिनिटाला सत्तर हजार लिटरांहून अधिक हवा पिते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो. शर्यत पाहायला दहा हजार माणसे बसली असतील तर ती सारी मिळून जेवढा श्वास घेतात, तेवढा हा एकटा घेतो.

डिझेलला असे पळवण्याचे वेड मात्र या शेतकऱ्यांनी प्रथम काढलेले नाही. ते कमिन्सच्या घराण्यातच होते. क्लेसी कमिन्स हा मूळचा एका सावकाराच्या मोटारीवरचा ड्रायव्हर आणि मेकॅनिक. त्याच मालकाच्या भांडवलावर त्याने १९१९ साली कारखाना काढला. १९३१ साली त्याची डिझेल गाडी इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत उतरली आणि इंधनासाठी एकदाही न थांबता तिने सारे अंतर काटले. असे करणारी ती पहिलीच गाडी. नंबर आला तेरावा. मग १९५२ साली आणखी एक गाडी आली. इंजिन आडवे निजवलेले, गाडी जमिनीसरपट, आणि त्या मैदानावर प्रथमच टर्बो लावलेला. चालक होता फ्रेड अगबाशियन. पात्रतेच्या फेऱ्यांत त्याने ताशी १३८ मैलांची सरासरी गाठली आणि पहिल्या जागेवरून सुटण्याचा मान मिळवला. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र टर्बोच्या हवेच्या तोंडाने रस्त्यावरचे टायरांच्या रबराचे कण ओढून घेतले, तोंड तुंबले आणि एकाहत्तराव्या फेरीनंतर गाडी बाहेर पडली. हवा अडली, सगळे अडले.

आता जत्रेकडे वळतो. मका डोक्याएवढा झाला होता, ऊन कलले होते, आणि लाकडी पायऱ्यांवर आजोबांपासून कडेवरच्या पोरापर्यंत सारी बसली होती. पोरांच्या कानांवर मोठमोठी कानटोपणी. आमच्या पुढच्या पायरीवर एक वयस्क शेतकरी बसला होता. त्याच्या मुलाचा ट्रक पाचवा होता. भाचा मला म्हणाला, "मामा, आवाज किती मोठा आहे ते ऐकू नका. आवाज चढतो का उतरतो ते ऐका." ती सूचना मोलाची ठरली. सहा सिलिंडरांच्या इंजिनात पाच हजार फेऱ्यांना सेकंदाला अडीचशे स्फोट होतात. पेटीवरच्या मधल्या पांढरी एकच्या किंचित खाली तो सूर लागतो. ट्रक सुटताना काळ्या धुराचा लोट उठतो, कारण टर्बो अजून जागे झालेले नसतात आणि इंधन हवेवाचून जळत असते. मग टर्बो भरतात, धूर निवळतो, सूर चढतो आणि एका पट्टीवर स्थिर होतो. पेटी पुढे सरकू लागली की सूर जड होतो. चांगला चालक हे आधी ओळखतो. सूर एकदा उतरू लागला की धूर कमी, म्हणून टर्बो मंद, म्हणून हवा कमी, म्हणून सूर आणखी खाली. ती घसरण कुणाला सावरता येत नाही.

म्हाताऱ्याच्या मुलाचा सूर दोनशे वीस-तीस फुटांपर्यंत जराही हलला नाही. मग एक कोरडा 'टक्' असा आवाज झाला, सूर एकदम तुटला आणि ट्रकाखाली तेल सांडलेले दिसले. रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला होता. मुलगा खाली उतरला, हेल्मेट काढले, पायऱ्यांकडे पाहून त्याने दोन्ही हात पसरले. म्हातारा उठला नाही. काही वेळाने तो भाच्याकडे वळून काहीतरी बोलला. मी विचारले तेव्हा भाच्याने सांगितले, "म्हणतो, यंदाची मशागतीची कमाई होती ती." बक्षीस मिळाले असते तरी त्यातून हा खर्च निघाला नसता, हेही त्यानेच सांगितले. या खेळावर पोट भरणारे फारच थोडे. बहुतेकांचे पोट शेतीवर किंवा गॅरेजवर, आणि खेळ पोट कापून. मातीतले तेल काढायला माणसे फावडी घेऊन आली, रोलर फिरला, आणि सहावा ट्रक मागे-मागे येऊन गाड्याला जोडला गेला.

असे काही घडले तर माणसे मरू नयेत म्हणून केलेले बंदोबस्त मात्र मला फार आवडले. डिझेलला ठिणगी नसल्यामुळे किल्ली फिरवून ते हमखास बंद करता येत नाही. हवा आणि इंधन मिळत आहे तोवर ते चालतेच. म्हणून हवेच्या नळीवर एक झडप असते आणि तिची दोरी मागच्या गाड्याला बांधलेली असते. जोड तुटून ट्रक मोकळा सुटला तर दोरीच्या हिसक्याने झडप मिटते आणि इंजिन गुदमरून थांबते. धुराच्या नळीत दोन जाड बोल्ट फुलीसारखे आडवे घातलेले असतात; टर्बोचे चक्र फुटले तर त्याचे तुकडे तिथेच अडावेत. क्लचभोवती पोलादी कवच असते, चालकाच्या अंगावर आग न लागणारा पोशाख.

धुराबद्दल मात्र माझे मन साफ नाही. मैदानातला दहा सेकंदांचा धूर एक वेळ सोडून देऊ. पण मैदानातले पाहून गावातली पोरे आपल्या रोजच्या ट्रकांवरची धूर गाळण्याची यंत्रे काढून टाकतात, आणि त्याला मर्दुमकी समजतात. २००९ ते २०२० या काळात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांवरून अशी यंत्रे काढली गेली, असा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा २०२० चा अंदाज आहे. हे तेथील कायद्याने गुन्हा आहे आणि दुकानदारांना मोठाले दंडही झाले आहेत. शिवाय खरे पाहता काळा धूर म्हणजे न जळलेले इंधन. शर्यत जिंकणारा तो नव्हे. जाणत्या माणसाचा ट्रक सुटताना धूर सोडतो आणि मध्यावर येईपर्यंत त्याच्या नळीतून जवळजवळ नुसती उष्ण हवा निघते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

डिसेंबरात भाच्याचा फोन आला. तो म्हाताऱ्याच्या गोठ्यावर जाऊन आला होता. गोठ्यात आता गुरे नाहीत. जमिनीवर सिमेंट केले आहे आणि मध्ये स्टँडवर दुसरा एक ब्लॉक, कुठल्याशा भंगारातल्या मालट्रकाचा, उलटा टांगला आहे. म्हातारा पाच सिलिंडरांच्या बेअरिंगांची मापे घेऊन वहीत उतरवीत होता. सहाव्याच्या रकान्यात त्याने तारीख आणि दोनशे एकतीस फूट एवढेच लिहिले होते.